ई-सिगारेटची दुरुस्ती : आपल्या कारागिरांनी या फंदात पडू नये

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत आजकाल एक नवे काम येऊ लागले आहे. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुले सुटीत गावी येतात, कोणाचा भाचा दुबईहून येतो आणि खिशात पेनासारखी ई-सिगारेट असते. तिला जळका वास येऊ लागला की मुलगा ती दुरुस्तीवाल्याकडे नेतो. "भाई, याचा ॲटोमायझर साफ करून द्या, अजून दोन महिने चालला पाहिजे." ज्यांचा हात मोबाइलच्या बारीक कामात बसला आहे त्यांना हे काम अवघड नाही. दहा मिनिटांत चार पैसे सुटतात. मग पुढच्या गिऱ्हाइकासाठी कोणी सुट्या कॉइल मागवून ठेवतो, तर कोणी लिक्विडच्या बाटल्या.

माझे स्पष्ट मत आहे की आपल्या कारागिरांनी व दुकानदारांनी या कामाला हात लावू नये. केवळ 'वाईट सवय आहे' एवढे म्हणून मी थांबत नाही. यात कारागिरी नाही, नफा नाही आणि कायद्याचा फास मात्र आहे. हे तीनही मुद्दे क्रमाने पाहू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेतले पाहिजे. ई-सिगारेटमध्ये एक बॅटरी असते, लिक्विडची लहान टाकी असते आणि मध्ये ॲटोमायझर. ॲटोमायझर म्हणजे दुसरे काही नाही, बारीक तारेचे वेटोळे आणि त्यातून ओवलेली कापसाची वात. तार बहुधा निकेल-क्रोमची किंवा लोखंड, क्रोम व ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची असते. वात लिक्विड शोषून घेते, बॅटरीच्या करंटने तार तापते, लिक्विडची वाफ होते आणि ती ओढली जाते. लिक्विडमध्ये ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध, गोडवा आणि बहुधा निकोटीन असते. यातला गोडवा तारेवर जळून बसतो. जिलेबीच्या कढईला पाक करपून चिकटतो, तसाच हा काळा थर. थर वाढला की तार नीट काम करीत नाही, वात कोरडी पडते आणि करपते.

साफ करण्याची पद्धत साधी आहे. सर्व भाग सुटे करायचे, टाकी कोमट पाण्याने धुवायची, चिकटपणा स्पिरिटने पुसायचा, जुनी वात काढून टाकायची, तार घासायची किंवा करंट देऊन वरचा थर जाळायचा, नवा कापूस घालायचा आणि सगळे पूर्ण कोरडे झाल्यावर जोडायचे. पण ज्यात तार आणि वात हाताने बदलता येते, त्याच ॲटोमायझरला हे लागू आहे. बंद डबीत येणाऱ्या तयार कॉइलची वात बदलताच येत नाही. ती धुतली तरी फार तर थोडे दिवस चालते. एकदाच वापरून फेकण्याचा जो माल येतो, तो तर उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो. कापूस एकदा करपला की धुऊन पांढरा होत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगायला नको. इस्त्रीचा डाग साबणाने निघतो काय?

म्हणजे वात आणि तार या संपणाऱ्याच वस्तू आहेत. त्यांचे आयुष्य वाढवून देण्याचा दावा करणारा कारागीर गिऱ्हाइकाला फसवतो, किंवा स्वतः फसतो. शिवाय त्या काळ्या थराचा दुसरा अर्थही पाहा. जे तारेवर बसते, त्यातले काही वाफेबरोबर छातीतही जाते. वात कोरडी असताना तार तापली तर फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ साली या वाफेत शिसे, निकेल व क्रोमियम आढळले, आणि तापणाऱ्या तारेशी संबंध आल्यावर त्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. तीच तार आपण घासून, लालबुंद करून पुन्हा त्याच मुलाच्या तोंडाला लावायची, याला दुरुस्ती म्हणायचे काय?

आता कायदा. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सर्व बंद. आपल्या लोकांना बहुधा माहीत नसते ते असे की ही बंदी पूर्ण वस्तूइतकीच तिच्या कोणत्याही भागालाही लागू आहे. म्हणजे सुटी कॉइल विकली तरी गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षकापासून वरच्या अधिकाऱ्याला आहे.

यावर काही हुशार लोक म्हणतात की कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा नाही आणि दुरुस्ती हा शब्दही नाही. गोष्ट खरी आहे. पण दुरुस्ती नुसत्या धुण्यावर चालत नाही. आज धुतलेली कॉइल आठवड्यात परत येते आणि गिऱ्हाईक नवी मागते. ती दिली की झाली विक्री. खणात दहा-वीस ठेवल्या की झाला साठा. पन्नास रुपयांच्या कामाचा हा रस्ता कोर्टाच्या पायरीशी जातो, आणि तिथे वकिलाची फी पन्नास रुपये नसते.

जे दुरुस्ती करीत नाहीत त्यांनाही यात सावध राहायला हवे. ज्यांचे गाळे किंवा गोदाम भाड्याने दिलेले आहे, त्यांनी लक्ष द्यावे. आपल्या जागेत असा साठा ठेवू देणाऱ्या मालकाला, त्याला ते माहीत असेल तर, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'मी फक्त भाडे घेतो' हे उत्तर पुरे पडणार नाही. दुसरी गोष्ट कापडाच्या गठ्ठ्यांची. मुंबई, भिवंडी, सुरतेहून माल येताना कोणी ओळखीचा म्हणतो, "तुमच्या गठ्ठ्यात माझी एक छोटी पेटी टाका." वाहतूकही बंदीतच आहे, आणि बिल्टीवर नाव आपले असते. अशा वेळी भीड धरू नये. पेटी उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, विडी-सिगारेट खुलेआम विकली जाते, मग यालाच बंदी का? सोलापूरसारख्या ठिकाणी हजारो बायकांच्या घरची चूल विडीवर पेटते. विडी त्यामुळे चांगली ठरत नाही, पण तिथे पोटाचा प्रश्न आहे. ई-सिगारेटमध्ये आपल्या कोणाचे पोट अडकलेले नाही. माल बहुतांशी चीनमधील शेन्झेनचा, नफा तस्कराचा आणि धोका तेवढा आपल्या मुलाचा. कोणी इंग्लंडचा दाखला देईल. तिथल्या सरकारने २०२३ साली सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांना ई-सिगारेट पुरवण्याची योजना जाहीर केली, हे खरे. परंतु शाळकरी मुलांच्या हाती गेलेला एकदा वापरून फेकण्याचा माल त्यांनीही १ जून २०२५ पासून बंद केला. आणि तिथे लिक्विडची तपासणी होते. इथे चोरट्या बाटलीत काय आहे ते कोण सांगणार? अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशा उपकरणांमुळे २,८०७ लोकांना फुफ्फुसाचा गंभीर आजार झाला, ६८ जण दगावले. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काचे भेसळयुक्त, चोरट्या मार्गाने आलेले लिक्विड ओढणारे होते. ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याने सरकारी दवाखान्यात विचारावे, दुरुस्तीच्या टेबलावर नव्हे.

वस्तूचे आयुष्य वाढवणे हा आपल्या बिरादरीचा जुना हुन्नर आहे. स्टोव्हच्या निपलला पिन मारणारे, पेट्रोमॅक्सची टाकी जोडणारे, वीस-तीस वर्षांचे शिलाई मशीन तेलपाणी करून चालते ठेवणारे हात आपल्याच गल्ल्यांत होते आणि आहेत. या कामात बरकत होती, कारण दुरुस्त झालेली वस्तू घरात भाकर, उजेड किंवा कपडा देत असे. आमच्या पालीहून बीडकडे जाताना खजाना बावडी लागते. निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबत खानाने ती बांधली, आणि तिच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या शेती झाली. गाळ काढावा तर अशा वस्तूचा.

कामे आजही कमी नाहीत. शिलाई मशीनच्या मोटारी, वाफेच्या इस्त्र्या, फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, सोलरचे दिवे, इलेक्ट्रिक स्कूटर यांना गावोगाव कारागीर सापडत नाही. आमच्या भागातल्या बोअरच्या जड पाण्याने इस्त्रीची भोके क्षाराने बुजतात. ती साफ करून देणारा माणूस शिंप्यांना आणि धोब्यांना बारमाही हवा आहे. तारेचे वेटोळे तिथेही आहे, साफसफाई तिथेही आहे, पण तिथे गिऱ्हाईक दुवा देते आणि पोलीस दाराशी येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दुरुस्तीवाल्यांनी हे काम नाकारावे आणि का नाकारतो ते त्या मुलाला दोन शब्दांत प्रेमाने सांगावे. गाळेवाल्यांनी भाडेकरारात एक ओळ वाढवावी. व्यापारी मंडळींनी जुम्याच्या नमाजानंतर पाच मिनिटे काढून या कायद्याची माहिती आपल्या तरुणांना द्यावी. हलाल रोजी म्हणजे नुसता पैसा कसा आला एवढेच नव्हे. आपल्या हाताने दुरुस्त झालेल्या वस्तूने समोरच्याच्या घरी काय पोचवले, हाही त्याचा हिशेब आहे. हा हिशेब संध्याकाळी गल्ला मोजतानाच करून टाकलेला बरा.