सावलीत मोजलेलं ऊन



वादळाला जात नसते, असं परवा एका सभेत एका विद्वानानं सांगितलं. पाऊस म्हणे सगळ्यांवर सारखाच पडतो. त्याच्या डोक्यावर पंखा होता, पुढं माईक होता, पब्लिकनं टाळ्याही दिल्या. मी दिली नाही. कारण माझ्याकडं एक वही आहे.

त्या वहीत मी गेली काही वर्षं रोज हवामानाचा अंदाज लिहून ठेवतो. डाव्या पानावर खात्यानं काय सांगितलं ते : पिवळा, नारिंगी, लाल. उजव्या पानावर आमच्या वस्तीत काय झालं ते. मी शास्त्रज्ञ नाही. टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस आभाळाकडं हौसेनं बघत नाही, त्याला बघावंच लागतं. आणि ही वही मला सांगते की डावं पान सगळ्या शहराला सारखं असतं. उजवं पान कुणाच्या वाट्याला काय येणार, ते मात्र जात आणि पोट बघून ठरतं.

उन्हाळ्यापासून सुरू करू. पेपरात येतं, उद्या कमाल तापमान अडतीस. हे अडतीस कुठं मोजतात? एक पांढरी लाकडी पेटी असते, झडपांच्या भिंतींची, जमिनीपासून चारेक फूट उंच. स्टीव्हन्सन पेटी तिचं नाव. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन शिरू नये. तापमापक आत. म्हणजे उन्हाळ्याचा आकडा सावलीत मोजतात ! शास्त्राच्या हिशेबानं ते बरोबर आहे. हवेचं तापमान तसंच मोजायचं असतं, सगळं जग तसंच मोजतं. माझं भांडण पेटीशी नाही. सावलीतला तो आकडा घेऊन उन्हातल्या माणसाला कामाला जुंपणाऱ्यांशी आहे. मैदानी भागात पारा चाळिसावर, किनाऱ्यावर सदतिसावर, आणि वर सरासरीपेक्षा साडेचार अंश जादा, तेव्हा कुठं ‘उष्णतेची लाट’ जाहीर होते. रस्त्यावर डांबर ओतणारी बाई काही त्या पेटीत बसलेली नसते.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर छप्पर. समोरच्या लाखो लोकांवर आभाळ. उष्माघातानं १४ माणसं मेली. पारा होता अडतीसच्या आसपास. अडतीस मंचावरही होतं आणि मैदानातही होतं. मेले ते मैदानातले. हवामान एक, छप्पर एक नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. पुढचा लेख नाही वाचला तरी चालेल.

पण वाचा. कारण उन्हाळा सरत आला की वळीव येतो, आणि पांढरपेशांच्या कवितेला मातीचा वास येऊ लागतो. आम्हाला वास येत नाही, पत्रे उडायचा आवाज येतो. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं. घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. एकशेवीस फूट बाय एकशेवीस फूट. १७ माणसं त्याखाली गेली. परवानगी म्हणे चाळीस बाय चाळीसची असते. पेपरांनी लिहिलं, वादळाचे बळी. साला, वाऱ्यानं फलक उभारला होता काय ? वारा तर आमच्या ताडपत्रीलाही लागला होता. ताडपत्री उडाली. तिनं कुणाला मारलं नाही.

मग पावसाळा. आषाढ आला की इकडं ‘मेघदूत’ निघतं, तिकडं पंचांग निघतं. मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक, आर्द्रेचं म्हैस की हत्ती, यावर पावसाचं भाकीत. आमचं वाहन कुठल्याच पंचांगात नाही. आमचं वाहन डोक्यावरचं घमेलं, त्यात खोलीतलं पाणी बाहेर फेकायचं.

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो म्हणणाऱ्यानं निदान आकडे वाचावेत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच शहरात कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा नाही. आभाळच मुळात सारखं वागत नाही, तर खालची जमीन कशी वागेल ? जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड आली, साठाहून जास्त गेले. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या टेकडीवर जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, तीसच्या आसपास माणसं झोपेतच गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारत नगरात पुन्हा भिंत, पुन्हा रात्र. मालाडला वर शहराचं पिण्याचं पाणी, मधे भिंत, खाली झोपड्या. पाऊस मारत नाही मित्रांनो. भिंत मारते. आणि भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण राहणार, हे पावसानं ठरवलेलं नसतं.

इथं कुणी म्हणेल, ही गरिबी झाली, जात कुठं आली ? ऐका.

आमच्या गावात महारवाडा उगवतीला, ओढ्याच्या उताराला. का ? पावसाळी वारा मावळतीकडून येतो. त्यानं आधी गावाला लागावं, मग आम्हाला. आमच्या अंगावरनं गेलेला वारा पाटलाच्या ओसरीला लागता कामा नये. पाणीसुद्धा तसंच, वर त्यांचं, खाली आमचं. म्हणजे ज्यानं गाव वसवलं त्याला वाऱ्याची दिशा कळत होती, पाण्याचा उतार कळत होता. ह्या देशात हवामान खातं १८७५ ला निघालं. मनूचं हवामान खातं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्याचा अंदाज कधी चुकला नाही : पूर आला की खालची आळी आधी बुडणार.

आणि गावाला इशारा कोण द्यायचा ? आमचाच आजा. दवंडी महाराचं काम. वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, पण दवंडी लगेच गेली नाही. आजी सांगायची, एका पावसाळ्यात रात्री ओढा फुगला. पाटलानं आजाला उठवलं, गावात दवंडी दे म्हणाला. आजा वरच्या आळीपासनं ओरडत निघाला. वाडा झाला, देवळाचा चौक झाला, बाजारपेठ झाली. सगळा गाव जागा करून तो महारवाड्यात पोचला तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. देवळाचा ओटा पुरुषभर उंच. त्यावर गावची गुरं बांधली होती. आमच्या माणसांना चढू दिलं नाही. आजीची दोन वर्षांची पोर त्या पाण्यात गेली. माझी आत्या. आजीला आयुष्यभर एकच कोडं होतं : “इशारा आमच्याच तोंडातनं निघाला. मग आमालाच का न्हाई कळला ?”

कळला असता तरी जायचं कुठं होतं, आजी ?

आता आजाची दवंडी फोनमध्ये आली आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री एक वाजता फोन किंचाळला : लाल इशारा, सुरक्षित स्थळी जा. मी पोराबाळांना घेऊन टेकडी उतरलो, शेजारपाजारचे धरून चाळीसेक माणसं. खाली शाळा आहे, पक्की, तीन मजली. कुलूप. राखणदार म्हणाला, वरून ऑर्डर नाही. चावी कुणाकडं ? साहेबाकडं. साहेब कुठं ? त्याचा फोन लागत नव्हता. पाच वाजेपर्यंत आम्ही दुकानांच्या फळ्यांखाली उभे होतो. टेकडीवर पावसाळ्याआधी नोटीस मात्र न चुकता लागते : ही जागा धोकादायक, राहिल्यास जबाबदारी तुमची. म्हणजे इशारा देऊन ते मोकळे, आणि मरणाची सही आमची.

सकाळी सुट्टी जाहीर झाली. शाळेला, कॉलेजला. नाक्यावर उभं राहणाऱ्याला सुट्टी नसते, खाडा असतो. आणि सफाईवाल्याची तर असलेली रजा रद्द होते. लाल इशाऱ्याला तो गटाराच्या तोंडाशी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. शहर हळहळलं, आम्हीही हळहळलो. पण मॅनहोल माणूस खातं हे शहराला त्या दिवशी कळलं. आमच्या घरांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

शास्त्र नको, असं मी म्हणत नाही. २००५ ला मुंबईकडं डॉप्लर रडार नव्हतं, नंतर कुलाब्याला बसलं, मग वेरावलीला दुसरं. चांगलं झालं. पण रडार ढग दाखवतं, कुलूप उघडत नाही. ओडिशा बघा. ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. ऑक्टोबर २०१३ ला फायलीन आलं तेव्हा किनाऱ्यावरनं दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली, आणि मेलेले डझनांत मोजता आले. समुद्र तोच. मधल्या काळात नुसते अंदाज सुधारले नाहीत, निवारे बांधले गेले. इशाऱ्याला चावी मिळाली.

आणि चावी मिळाली तरी हिशेब संपत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतछावण्यांत दलितांना वेगळं ठेवलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, याच्या नोंदी मानवी हक्कवाल्यांनी केल्या आहेत. प्रेतं उचलायला मात्र सफाई कामगारच आणले. लाट सगळ्यांना सारखी भिजवून गेली. पाणी ओसरल्याबरोबर जात वाळून पुन्हा कडक झाली.

पूर म्हणजे दैव, असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेब वाचायला सांगा. १९४३ ला दामोदर नदीचा पूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी नशिबाला हात जोडले नाहीत. नदीचं सगळं खोरं एक धरून धरणं, वीज, शेतीचं पाणी यांची योजना पुढं रेटली. त्यातनं १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. महाडला पाण्याचा हक्क मागणारा माणूस पाण्यापासून बचावाचाही हक्क मागत होता. पाणी मागितलं तेव्हा ह्यांनी दिलं नाही, आता न मागता घरात घुसतं. दोन्ही एकाच व्यवस्थेची कामं.

म्हणून आमचं मागणं अंदाजाचं नाही, अंदाजाच्या पुढचं आहे.

एक : इशाऱ्याबरोबर जागेचं नाव सांगा. कुठली शाळा, कुठला हॉल, आणि चावी वस्तीतल्या बाईच्या हातात.

दोन : लाल इशाऱ्याच्या दिवशी नाका कामगाराला मजुरी. खाडा नाही.

तीन : दुपारचा आकडा सावलीतला असला तरी कामाचे तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडं बघून ठरवा.

चार : धोक्याची नोटीस लावता, तर शेजारीच पक्क्या घराचा कागद लावा. नुसती नोटीस आम्ही फाडणार.

आणि पोरांनो, तुम्हाला एक काम. दर वस्तीत एक वही ठेवा. डाव्या पानावर त्यांचा अंदाज, उजव्या पानावर आपलं घडलेलं. कुणी दार उघडलं, कुणी नाही, तारीख आणि वेळ घालून लिहा. दवंडी आपणच देत आलो. आता आपल्या आळीपासनं सुरू करू.

जय भीम.