खुल्लम खुल्ला लिहिण्याची किंमत



ऋषी कपूर यांच्या 'खुल्लम खुल्ला' (२०१७) या आत्मचरित्राला एका वाचकाने गेल्या अंकातल्या पत्रात 'घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारे पुस्तक' म्हटले आहे. मला हे अजिबात पटत नाही.

या पुस्तकातला खेळकरपणा उथळ नाही. 'श्री ४२०' या चित्रपटात भर पावसात चालण्याच्या शॉटला डोळ्यांत पाणी जाऊन रडणारा छोटा ऋषी, आणि डोळे उघडे ठेवलेस तर चॉकलेट देईन म्हणून त्याची समजूत काढणाऱ्या नर्गिस! ही आठवण वाचताना हसू येते. पण वडिलांच्या प्रेमप्रकरणापायी आई मुलांना घेऊन मरीन ड्राइव्हवरच्या नटराज हॉटेलात राहायला गेली, हेही तोच मुलगा सांगतो, कुठेही गळा न काढता. राज कपूरसारख्या बापाबद्दल असे लिहायला छाती लागते. त्यात इतरांची नावे येतात, त्यांना ते रुचणार नाही, हा पत्रलेखकाचा मुद्दा मात्र रास्त आहे.

पण लेखकाने स्वतःला तरी कुठे सोडले आहे? 'बॉबी'साठीचा पुरस्कार आपण ३०,००० रुपये मोजून मिळवला, हे त्यांना कोणी विचारायला गेले नव्हते. मुलगा रणबीर आणि आपल्यामध्ये काचेची भिंत आहे, हेही ते लिहून जातात.

अभिनेत्री हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे असेच मोकळे आत्मचरित्र मराठी वाचकाने डोक्यावर घेतले. मग इथेच नाक मुरडण्याचे कारण काय? पत्रलेखकाने पुस्तक पुन्हा एकदा सलग वाचावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, दादर