चाटू, लेथ आणि वाळलेले लाकूड

परभणी जिल्ह्यातील सुताराची उपजीविका नांगर, तिफण, वखर आणि बैलगाडी यांवर चालत असे. बलुत्याची पद्धत मोडली, लोखंडी अवजारे आली, पाठोपाठ ट्रॅक्टर आला. राहिली दारे-खिडक्यांची कामे. तीही प्लायवूड आणि लोखंडी चौकटींनी बरीचशी हिरावली. इकडे शहरातील स्वयंपाकघरात मात्र उलटेच घडले. नॉन-स्टिक तव्याला स्टीलचे उलथने चालत नाही. म्हणून काठवटीबरोबर अडगळीत गेलेला लाकडी चाटू सन्मानाने परत आला. ही मागणी परभणीच्या कारागिराला का मिळू नये?

लेथ घेऊन दिला की काम भागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लेथवर कातले जाते ते गोल. लाटणे सबंध त्यावर उतरते. रवीचा दांडाही उतरतो, तिच्या पाकळ्या मात्र हाताने कापाव्या लागतात. चमच्याचेही तेच. दांडा लेथवर, खोलगट भाग गोल पटाशीने. पीठ काढण्याच्या डावाची युक्ती निराळी आहे: दांडा आणि पोकळ वाटी एकाच आसावर कातायची आणि मग वाटीचे तोंड तिरपे छाटायचे. म्हणजे यंत्राने वेळ वाचला तरी हाताचे कौशल्य उरतेच, आणि सुताराजवळ ते आहे.

त्याच्याजवळ नाही ते वाळलेले लाकूड. ओले लाकूड कातले तर वाळताना तडकते, वाकते. ते सावलीत काही महिने पडून राहिले पाहिजे आणि तितके दिवस त्यात गुंतलेला पैसाही पडून राहतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी (योगायोगाने मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच) सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पहिले कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, असा तिचा लाभ आहे. व्याज सवलतीचे आहे, यात वाद नाही. परंतु परतफेडीची मुदत १८ महिन्यांची. लाकूड वाळायला तीनच महिने धरले तरी पहिला चाटू विकला जाण्यापूर्वी मुदतीचा सहावा हिस्सा संपतो. या धंद्यात यंत्रापेक्षा खेळते भांडवल अधिक अडते, आणि योजना आखणाऱ्यांची नजर नेमकी यंत्रावर खिळलेली असते.

जिल्ह्यात वनक्षेत्र नगण्य आहे. पण बांधांवर बाभूळ आणि कडुनिंब आहेत. बाभळीचे लाकूड कठीण आणि टिकाऊ. बैलगाडीला ते उगाच वापरत नसत. आज त्यातील बरेचसे सरपणाच्या भावाने जाते. सेलू, मानवत, गंगाखेड अशा तालुक्याच्या गावी सहकारी संस्थेने लाकडाची कोठी उघडावी, शेतकऱ्याला सरपणापेक्षा चढा भाव द्यावा, ओंडके चिरून सावलीत रचावेत आणि कारागिराने महिन्याला लागेल तेवढेच लाकूड वजनावर उचलावे. वाळवणीच्या महिन्यांचे व्याज मग संस्थेच्या खात्यावर पडेल, कारागिराच्या नव्हे.