कवळी चालेल

माणसानं आयुष्यात एकदाच पूर्ण उघडं व्हावं आणि तेही जन्माला येताना, अशा मताच्या घराण्यात मी वाढलो. आमचे आजोबा विहिरीवर आंघोळ करताना एक पंचा नेसत आणि तो बदलण्यासाठी दुसऱ्या पंचाचा आडोसा धरत. त्यामुळे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, म्युनिक शहरात, खुद्द जावयासमोर मी अंगावरचा शेवटचा कपडा खुंटीला अडकवला, तेव्हा आजोबांचे दोन्ही पंचे माझ्या डोळ्यांपुढे फडफडले.

दोष जावयाचा नाही. थंडीनं माझे गुडघे धरले होते. तो म्हणाला, "बाबा, सौनाला चला, मोकळं वाटेल." किती मोकळं, हे त्यानं सांगितलं नाही. आत शिरताना पाटी होती. तिचा अर्थ मी विचारला तर खाकरून म्हणाला, "कापड चालत नाही." मात्र बसताना बुडाखाली टॉवेल हवाच, लाकडावर घाम पडता कामा नये. म्हणजे बाकाला वस्त्र आहे, माणसाला नाही!

पण खरं सांगतो, पाच मिनिटांत माझी भीड चेपली. त्या तापलेल्या खोलीत बायका-पुरुष मिळून दहा-बारा जण बसले होते आणि त्यांतलं एकही शरीर कॅलेंडरवर छापण्याच्या लायकीचं नव्हतं. एका गृहस्थांच्या छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत बायपासची शिवण होती. एका आजीबाईंच्या छातीवर एका बाजूला नुसताच व्रण होता आणि त्या जावयाला हवापाण्याच्या गप्पा सांगत होत्या. ढेऱ्या होत्या, कुबडं होती, ऑपरेशनांचे वळ होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पैठणी नेसलेल्या बाईलासुद्धा इतकी निर्धास्त बसलेली मी पाहिली नाही. मी मनात म्हटलं, वा! हीच ती समता.

आणि तेवढ्यात समोरचे गृहस्थ माझ्याकडे बघून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "पाकिस्तान?"

"नाही," मी म्हटलं, "डोंबिवली."

त्यांची नजर जिथून तो निष्कर्ष काढून परत आली होती ती जागा मी लगेच टॉवेलनं झाकली. बायपासची शिवण कुणाला दिसली नाही, माझी मात्र दिसली. मला राग आहे तो इथे.

आता खुलासा करणं भाग आहे. मी नऊ वर्षांचा असताना, 1961 साली, रत्नागिरीत एका डॉक्टरांनी मला तपासलं आणि वडिलांना सांगितलं की कातडी मागे सरकत नाही, काढून टाकू. फायमोसिस हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. वडिलांना तो इतका भारदस्त वाटला की त्यांनी दुसरं मत घेतलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुंज झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत हे. एकाच वर्षात दोन धर्मांचे संस्कार लाभलेला आमच्या आळीतला मी एकटाच! दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नव्हतं. मुंजीत निदान भिक्षावळीचे पैसे तरी मिळाले. वर्गात बातमी फुटायची ती फुटलीच, आणि मॅट्रिक होईपर्यंत मी 'खानसाहेब' होतो.

हे सगळं त्या जर्मन गृहस्थांना सांगावं लागलं. ते निघाले विवस्त्रपंथी संस्थेचे जुने सभासद. त्यांनी माझ्या खांद्यावर घामट हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यावर अत्याचार झाला आहे." शेजारी एक अमेरिकन पाहुणा बसला होता, तो उसळून म्हणाला, अत्याचार कसला, स्वच्छता आहे, आमच्या घरात बापापासून नातवापर्यंत सगळ्यांची झालीय. मग दोघांची जी जुंपली! नव्वद अंश उष्णतेत दोन नागवे गृहस्थ एका तिसऱ्याच नागव्या गृहस्थाबद्दल भांडत होते आणि अधूनमधून पुराव्यादाखल माझ्याकडे बोट करत होते. जावई छताकडे बघत बसला.

तर माझं म्हणणं मी इथे मांडतो, कारण तिथे मला कुणी बोलू दिलं नाही.

आधी अमेरिकनाचं बघू. सुंता स्वच्छतेसाठी, ही कल्पना अमेरिकेत आली कशी? 1870 साली न्यूयॉर्कचे नामांकित अस्थितज्ज्ञ डॉक्टर लुईस सेयर यांनी पाय लुळे पडलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची सुंता केली आणि तो चालू लागला असं जाहीर केलं. झालं! मग फेफरं, हर्निया, डोकं फिरणं, जे म्हणाल त्यावर तोच उतारा. पुढे डॉक्टर जॉन हार्वी केलॉग आले. तेच ते, ज्यांचं आडनाव मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावर असतं. मुलग्यांच्या हस्तदोषावर त्यांनी सुंता सुचवली, आणि ती भूल न देता करावी, म्हणजे शिक्षेचाही परिणाम साधेल, असं पुस्तकात लिहून ठेवलं. मी रोज सकाळी लेकीच्या घरी ते पोहे दुधात बुडवून खात होतो. दुसऱ्या दिवसापासून पाव मागितला.

इंग्लंडातही साहेब लोकांत ही फॅशन होती. तिला 1949 साली डग्लस गेर्डनर नावाच्या बालरोगतज्ज्ञानं चाप लावला. त्यानं साधी गोष्ट दाखवली: जन्मतः कातडी सुटी नसतेच, ती सावकाश सुटी होते. आणि या अनावश्यक ऑपरेशनापायी इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला सोळाएक मुलं दगावतात. सरकारी आरोग्यसेवेनं त्यावर खर्च करायचं नाकारलं आणि बघता बघता इंग्रजांची फॅशन ओसरली. धर्म बदलावा लागला नाही, नुसतं बिल बदलावं लागलं. मग 1968 साली याकोब ऊस्टर या डॅनिश डॉक्टरानं शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून सांगितलं की पुष्कळांची कातडी पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आपली आपण सुटते. सतराव्या वर्षी खरी अडचण शंभरात एखाद्याची उरते. 1968! मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. म्हणजे 1961 साली माझ्या बाबतीत फक्त थोडी कळ काढायला हवी होती. आमच्या डॉक्टरांना दोष द्यावा तर तेव्हा ते छापून यायचं होतं. पण आजही पुण्या-मुंबईकडे चार वर्षांच्या पोराला घेऊन आईबाप घाबरेघुबरे जातात आणि ऑपरेशनची तारीख घेऊन येतात, त्यांना काय म्हणावं? व्रण पडून कातडी कडक होते, लघवी अडते, असे खरे आजार आहेत. तिथे ऑपरेशन हवंच. तारीख घेण्यापूर्वी ते आहेत का, एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

अमेरिकनाची एक बाजू मात्र खरी आहे, ती दडवणार नाही. आफ्रिकेत तीन देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. सुंता झालेल्या पुरुषांना बायकांकडून एड्सचा विषाणू लागण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास कमी झालं आणि 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्या साथीच्या मुलखांत तो उपाय सुचवला. पण त्या चाचण्यांत स्वतःहून पुढे आलेले मोठे पुरुष होते. त्यांना विचारलं होतं. माझा सगळा वाद त्या 'विचारलं होतं'पाशी आहे.

आता त्या जर्मन गृहस्थांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. माझ्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाचा राग फार लवकर येतो.

हे विवस्त्रपंथी म्हणतात, कपडे उतरले की सगळे सारखे. छान! मग सुंता झालेला दिसला की यांच्या डोळ्यांत 'अरेरे' का येतं? तुमचं म्हणणं असं की निसर्गानं दिलं तसंच शरीर हवं. मग बायपास? मग त्या आजीबाई? तुमच्या पंथाचा पहिला ज्ञात संघ जर्मनीत निघाला नाही महाराज, आमच्या ठाण्याला निघाला. 1891 साली तिथला जिल्हा न्यायाधीश क्रॉफर्ड यानं तो काढला. सभासद तीन. मेळावे माथेरानच्या झाडीत. (माथेरानची माकडं तेव्हापासूनच बिघडली असावीत.) संघाचा नियम असा, की अंगावर काही नको, अपवाद फक्त अंगठी, चष्मा आणि कवळी. मी त्या न्यायमूर्तींना मनोमन दंडवत घालतो. कवळी चालेल म्हणणाऱ्या माणसाला समजलं होतं की शरीर म्हणजे निसर्गानं दिलेलं अधिक आयुष्यानं केलेलं. माझं जे झालं ते झालं. मला त्याचं दुःख आहे की नाही ते मी ठरवीन. घामट हात ठेवून कुणी ठरवू नये.

आणि सर्व नागवे सारखे, ही थाप तर फारच जुनी. ग्रीक लोक तालमीत उघडे जात, पण कातडीबाहेरचं टोक दिसणं त्यांना असभ्य वाटे, म्हणून पुढे दोरी बांधून ठेवत! पूर्ण नागवा माणूस सभ्य आहे की नाही, हे त्या दोरीवर. इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास जेरुसलेममध्ये ग्रीक तालीम निघाली तेव्हा काही ज्यू तरुणांनी लाजेनं सुंता लपवायचे, कातडी ताणून पूर्ववत करायचे उपाय केल्याची नोंद आहे. मायकेलअँजेलोनं ज्यूंचा राजा डेव्हिड घडवला तो बिनसुंतेचा. इतक्या मोठ्या दगडात तेवढाच त्याला परवडला नाही. जर्मनीतल्या नग्नतेच्या पहिल्या प्रचारकांत पुडोर आणि उंगेविटर होते, दोघेही वंशशुद्धीवाले, पहिला तर कट्टर ज्यूद्वेष्टा. पुढे नाझींच्या अमलात ज्यू पुरुष ओळखायची हीच खूण झाली. सालोमन पेरेल हा ज्यू मुलगा हिटलरच्या युवकदलाच्या शाळेत नाव बदलून राहिला, आणि त्याचा रोजचा जीव आंघोळीच्या वेळी टांगणीला असे. त्याच्यावर 1990 साली सिनेमा निघाला. तो मी पूर्ण बघू शकलो नाही.

कारण जानेवारी 1993 मध्ये माझं ऑफिस मस्जिद बंदरला होतं.

मुंबई पेटलेली. रस्त्यात अडवून विजार उतरवायला लावतात, अशा बातम्या डब्यात कुजबुजल्या जात. फाळणीच्या वेळच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण त्या आपल्या विजारीपर्यंत येतील असं वाटलं नव्हतं. आमच्या हिनं रात्रभर झोप घेतली नाही. सकाळी म्हणाली, "अहो, तुम्ही दाखला आणा." रत्नागिरीचे डॉक्टर कैलासवासी झाले होते. त्यांच्या मुलानं वडिलांच्या वहीतली नोंद शोधून दाखला लिहिला आणि माझ्या मेहुण्यानं तो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. 'सदर गृहस्थांवर सन 1961 मध्ये केवळ वैद्यकीय कारणास्तव...' खाली सही-शिक्का. तो पाकिटात घालून मी दोन महिने ऑफिसला गेलो. तलवार घेऊन आलेला माणूस तो वाचायला थांबेल, आणि त्याला माझ्या डॉक्टरांचं अक्षर लागेल, अशी आमची श्रद्धा!

त्या दाखल्यातला 'केवळ' हा शब्द मला अजून टोचतो. मी सुरक्षित, कारण मी 'तसा' नाही, एवढंच तो कागद सांगत होता. माझ्या टेबलाशेजारच्या टेबलावर बसणारा माणूस 'तसा' होता. तो महिनाभर आलाच नाही. आल्यावर मी त्याला चहा दिला, दाखल्याबद्दल बोललो नाही.

म्हणून धर्माचा प्रश्न आला की मी जपून बोलतो. 2012 साली कोलोनच्या न्यायालयानं एका चार वर्षांच्या मुसलमान मुलाच्या सुंतेबाबत निकाल दिला की ही शारीरिक इजाच आहे. गदारोळ झाला. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेनं 434 विरुद्ध 100 मतांनी ती कायदेशीर ठरवली. माझ्या मनाचा कौल विचाराल तर पोराला मोठं होऊ द्यावं आणि मग त्याला विचारावं. ज्यू असो, मुसलमान असो, नाहीतर रत्नागिरीचा असो. पण बंदी मागायला जे जमले त्यांच्यात पोराच्या कातडीची काळजी असलेले होते, तसे त्याच्या बापाच्या टोपीचा राग असलेलेही होते. त्या दुसऱ्यांच्या बरोबर मला, कपड्यांत किंवा कपड्यांविना, बसायचं नाही. आमच्या र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून नग्नतेत लाजण्यासारखं काही नाही असं छापलं, खटले ओढवून घेतले, एका खटल्यात डॉक्टर आंबेडकर त्यांचे वकील होते. त्यांचा वाद झाकणाऱ्यांशी होता. आज मला उघड्यांशी घालावा लागतोय.

हे सगळं मी सौनातून परतताना जावयाला ट्राममध्ये ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, हे आईंनाही सांगा. म्हणजे माझ्या आईंना." कारण असं की, माझा नातू चार वर्षांचा, त्याचीही कातडी सुटत नाही आणि इथला बालरोगतज्ज्ञ म्हणतो थांबा. पण विहीणबाईंनी पुण्यात एक सर्जन गाठून सुट्टीतली तारीखसुद्धा घेऊन ठेवली होती. मी रात्री फोन लावला. गेर्डनर सांगितला, ऊस्टर सांगितला. विहीणबाई शांतपणे ऐकत होत्या.

"बरं, राहू दे," त्या म्हणाल्या. "तारीख रद्द करते. पण त्याला विचारून करायचं तर मग मुंजीचं काय? तेही विचारून का?"

मी म्हटलं, "मुंज करून टाका. केस परत येतात."