तीन डिस्क आणि नानांचा आवाज

जोधपूरच्या पोस्टिंगमधली गोष्ट. मे महिना, बाहेर लू सुटलेली आणि मी क्वार्टरमध्ये फरशीवर बसून नुकत्याच जोडलेल्या संगणकाकडे बघत होतो. जुना फार रडत होता म्हणून मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे घेतले, डिस्क मात्र जुन्याच तीन. मशीन झकास सुरू झालं आणि पडद्यावर प्रश्न आला: या नव्या डिस्क इनिशियलाइझ करायच्या का?

नव्या? त्या तीन डिस्कवर माझी बावीस वर्षांची फौज होती. सरकारी कागद नव्हेत. ते घरच्या संगणकावर ठेवायचेच नसतात. पण प्रत्येक पोस्टिंगचे फोटो, बायकोची स्कॅन केलेली पत्रं आणि सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी रेकॉर्ड केलेल्या जुन्या जवानांच्या मुलाखती. त्यात आमचे नाना. १९७१ ला ते पूर्व आघाडीवर होते. मी त्यांना रेकॉर्ड केलं आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

दुकानदाराला फोन केला. "साब, यस कर दो, ठीक हो जाएगा." बोट माउसवर होतं, पण मन धजेना. ओळखीच्या सिग्नल्सच्या हवालदाराला बोलावलं. केरळचा माणूस, मोजकं बोलणारा. दारातूनच म्हणाला, "साब, कुछ मत दबाइए. मशीन बंद कीजिए."

नंतर चहा घेताना त्याने समजावलं. माझी रचना 'रेड-५' होती. माहितीचे तुकडे डिस्कवर वाटून ठेवायचे आणि सोबत त्यांचा हिशेबही. सात अधिक पाच बारा. यातला कुठलाही एक आकडा पुसला तरी उरलेल्या दोनांवरून तो काढता येतो. म्हणून तीनपैकी एक डिस्क मेली तरी काम चालतं. पण ही मांडणी जुन्या मदरबोर्डने आपल्या पद्धतीने डिस्कवरच नोंदवलेली. नवा बोर्ड दुसऱ्या कंपनीचा, त्याला ती लिपी वाचता येईना. माहिती जागेवरच होती. 'यस' म्हटलं असतं तर त्या नोंदीवरच नवी नोंद लिहिली गेली असती.

त्याने डिस्कवर टेपने नंबर चिकटवले. नव्या डिस्क आणायला लावल्या, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने एकेका डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायला घेतली. पुढचं सगळं काम नकलेवर, तेही फक्त वाचायच्या मोडमध्ये. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, हा त्याचा पहिला आणि शेवटचा नियम.

तपासात कळलं की तिसरी डिस्क काही महिन्यांपूर्वीच गटातून बाहेर पडली होती. तिच्यावरची माहिती शिळी. ती मिसळली असती तर सगळ्याचाच काला झाला असता, म्हणून ती बाजूला ठेवली. मग मला आठवलं. मशीन सुरू होताना रोज पिवळ्या अक्षरांत 'डिग्रेडेड' असं यायचं. मी रोज बघायचो आणि चहा आणायला जायचो. संत्र्याने रोज रिपोर्ट द्यावा आणि गार्ड कमांडरने तो वाचू नये, तसं.

दुसऱ्या डिस्कवर काही जागा खराब निघाल्या आणि तिसरीचा आधार तर गेलेलाच. दोन रात्री नक्कल चालली. जवळजवळ सगळं परत आलं. नानांची फाइल उघडली. ते नदीकाठी पोचल्याचं सांगतात, मग चाळीसेक सेकंद नुसती खरखर, आणि मग एकदम, "...आणि उजाडलं."

सुट्टीत काकींना विचारलं, त्या रात्री काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "मला कधी सांगितलंच नाही रे त्यांनी. तुलाच काय ते सांगितलं."

आता माझं मत. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली ती स्वस्त डिस्क एकत्र जोडून मोठ्या महागड्या डिस्कची जागा घेण्यासाठी. एक पडली तर काम थांबू नये, एवढंच तिचं वचन. चुकून फाइल पुसली, आग लागली, ट्रकमधून काळी पेटी पडली, तर तिन्ही डिस्क एकदमच जातात. एका बंकरमध्ये तीन जवान बसवले म्हणजे तीन मोर्चे होत नाहीत. हे आपल्याला जमिनीवर कळतं, घरच्या कपाटात का कळू नये?

माजी सैनिक मित्रांनो, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. संगणक बदलायच्या आधी प्रत काढा आणि ती उघडून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेली रायफल. पिवळी अक्षरं दिसली तर त्याच दिवशी बघा. डिस्क रुसलीच तर आधी मशीन बंद करा, मग जाणकाराला फोन.

नानांच्या रेकॉर्डिंगच्या प्रती आता त्यांच्या नातवाकडे, माझ्या मुलीकडे आणि माझ्याकडे आहेत. तिन्हींत ती खरखर आहे. ती मात्र कुठल्याच डिस्कवरून आता परत येणार नाही.