नागपूर विद्यापीठाची का?

‘नागपूर विद्यापीठाची का?’ असं कुणी विचारलं तर आमच्याकडच्या मुलामुलींना लगेच कळतं की हा प्रश्न नाही. उत्तर आधीच ठरलेलं आहे. मुलाखतीत फाईल उघडली जाते, गुणपत्रिकेवरचं विद्यापीठाचं नाव वाचलं जातं आणि समोरच्याच्या ओठांवर एक बारीकसं हसू येतं. त्या हसण्याचा अर्थ असा की कॉपी करून पास झाली असेल, मार्क वाढवून घेतले असतील, वर्षभर कॉलेजचं तोंड पाहिलं नसेल आणि धड चार वाक्यं बोलता येणार नाहीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबद्दल हे समज वर्षानुवर्षं चालत आले आहेत. माझी बी.एड. याच विद्यापीठाची आहे. मी भंडारा जिल्ह्यात उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते आणि माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक मुली पुढे याच विद्यापीठाच्या कॉलेजात जातात. त्यामुळे मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही हे समज खरे आहेत का, याचा विचार मला नीट करायचा आहे, कारण त्यांची किंमत रोज कुणीतरी मोजत आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. १९९९ मध्ये या विद्यापीठात बोगस गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा मोठा घोटाळा उघडकीस आला. पैसे घेऊन मार्क वाढवले जात होते. त्याचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले. पैसे घेणारे होते तसे देणारेही होते, म्हणजे विद्यार्थी सगळे निर्दोष होते असं म्हणता येणार नाही. निकाल उशिरा लागतात ही तक्रारही खोटी नाही. आणि कॉपी? ती होतच नाही असं म्हणणारा शिक्षक एकतर खोटं बोलतो किंवा परीक्षेच्या हॉलमध्ये डोळे मिटून बसतो.

आता पुढचं पाहा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं आणि सगळा गोंधळ झाला. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. २०२१ च्या अखेरीस पुण्यात टीईटीचा घोटाळा बाहेर आला. पैसे देऊन पात्र ठरलेल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. त्यानंतर कुणी म्हणालं का, की मुंबईची पोरं कच्ची असतात, पुण्याच्या पदव्या बोगस असतात? तिथे दोष व्यवस्थेचा ठरला. आमच्याकडे तोच दोष पोरांच्या कपाळावर गोंदला गेला. १९९९ मध्ये जी मुलगी जन्मलीही नव्हती, तिला आज मुलाखतीत त्या घोटाळ्याचा हिशेब द्यावा लागतो.

शिवाय ‘नागपूर विद्यापीठाचा विद्यार्थी’ म्हणजे नेमका कोण? १९२३ मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याची सहा कॉलेजं होती आणि ९२७ विद्यार्थी. तेव्हा कदाचित त्यांच्याबद्दल एका वाक्यात बोलता आलं असतं. आज नागपूर, भंडारा, गोंदिया आणि वर्धा या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात आहेत. नागपूर शहरात गाडीने कॉलेजला जाणारा डॉक्टरचा मुलगा त्यात आहे आणि लाखांदूर तालुक्यातून एसटीने येणारी धान शेतकऱ्याची मुलगीही. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघालं आणि चंद्रपूर, गडचिरोलीची कॉलेजं तिकडे गेली. गडचिरोलीच्या मुलांची अक्कल त्या दिवसापासून बदलली का? बदललं ते फक्त गुणपत्रिकेवरचं नाव.

तरीसुद्धा मी असं म्हणणार नाही की हे समज हवेतून आले. माझा अनुभव असा की लोकांना दिसतं ते बऱ्याचदा खरं असतं, त्याचा ते लावतात तो अर्थ चुकीचा असतो.

पहिलं उदाहरण हजेरीचं. ‘पोरं कॉलेजात येतच नाहीत’ असं सगळे म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामीण कॉलेजचा वर्ग पाहा, अर्धे बाक रिकामे दिसतील. पण हा धानाचा जिल्हा आहे आणि ते दिवस रोवणीचे असतात. पाऊस पडला की रोवणी थांबत नाही, आणि घरातल्या मुलीने बांधीत उतरायचं नाही म्हटलं तर तिच्या जागी मजूर लावावा लागतो. कुठे तेंदूपत्त्याच्या हंगामात आई जंगलात जाते तेव्हा लहान भावंडं हिच्याकडे असतात. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये हे काहीच येत नाही. तिथे फक्त ‘गैरहजर’ लिहिलं जातं आणि बाहेरचा माणूस त्याचा अर्थ ‘आळशी’ असा वाचतो.

दुसरं उदाहरण भाषेचं, जे माझ्या रोजच्या कामाचं आहे. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ‘ण’ फारसा नाही. ‘पाणी’ला ‘पानी’च म्हणतात. उर्दूतही ‘ण’ नाही, त्यामुळे उर्दू माध्यमाची मुलगीही ‘पानी’च म्हणते. चूक म्हणाल तर दोघींची एकच. पण शहरातल्या मुलाखतीत पहिली ‘गावंढळ’ ठरते आणि दुसरी ‘उर्दूवाली’. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी. त्यामुळे उर्दू शाळेतली मुलगी सुरुवातीला ‘माझी पुस्तक’ लिहिते. तिचं डोकं तिच्या पहिल्या भाषेच्या नियमाने बरोबर चाललेलं असतं, दुसऱ्या भाषेचा नियम अजून बसलेला नसतो. एक-दोन वर्षांच्या सरावाने तो बसतो, हे मी दरवर्षी पाहते. चार भाषांतून ये-जा करणाऱ्या मुलीला ‘भाषा येत नाही’ म्हणणाऱ्यांना स्वतःला किती भाषा येतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता काही जण म्हणतील, मॅडम, आपल्या विद्यापीठातून किती मोठी माणसं निघाली ते सांगा, लोकांची तोंडं बंद होतील. सांगता येतीलच. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९२६ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झाले. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाने ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. दंगेखोर असा शिक्का घेऊन ते दारोदार फिरत होते, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्यांतला एक तरुण नागपुरात कायदा शिकला आणि पुढे पंतप्रधान झाला. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव.

हा इतिहास अभिमानाचा आहे, पण पुरावा म्हणून मी तो वापरणार नाही. घोटाळ्यातल्या काही जणांवरून सगळे विद्यार्थी वाईट ठरत नाहीत, तसेच एका सरन्यायाधीशावरून सगळे हुशारही ठरत नाहीत. उस्मानियाच्या त्या मुलांच्या गोष्टीतून मी वेगळीच गोष्ट घेते. दुसऱ्या विद्यापीठाने मारलेला शिक्का बाजूला ठेवून समोरचा मुलगा पाहणारं कुणीतरी तेव्हा नागपुरात होतं. आज त्याच नागपूर विद्यापीठाच्या मुलांना तेवढंच हवं आहे.

इथवर बाहेरच्यांबद्दल बोलले. आता थोडं घरातलं. मुसलमानांना शिक्क्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘तुमची मुलं मदरशातच जातात’ हे आपण किती वेळा ऐकलं! २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुलं मदरशात जातात. बाकीची शाळेत जातात, किंवा गरिबीमुळे कुठेच जात नाहीत. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पण बारावीचा निकाल लागला की आपणच कॉलेजबद्दल काय बोलतो?

‘मॅडम, शिकवायला हरकत नाही, पण तिथली पोरं कशी असतात तुम्हाला माहीत आहे.’

‘तुम्ही कॉलेज पाहिलंय का?’

‘नाही. पण सगळे म्हणतात ना.’

हे संभाषण दर जूनमध्ये वेगवेगळ्या अब्बांशी, मामूंशी, कधी मोठ्या भावाशी होतं. ‘सगळे म्हणतात’ या दोन शब्दांवर मुलीचं शिक्षण थांबतं आणि रिश्ता बघायला सुरुवात होते. आपल्याबद्दल ‘सगळे म्हणतात’ असं कुणी बोललं की आपल्याला किती लागतं! मग तेच शब्द आपल्या मुलींच्या वर्गमित्रांबद्दल, त्यांच्या कॉलेजबद्दल आपल्या तोंडून इतक्या सहज कसे निघतात?

यात काय पणाला लागलं आहे ते पाहा. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाखांच्या घरात आले. त्याच वर्षी दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थी वाढले आणि आपले घटले. एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा राहिला ४.६ टक्के. यामागे गरिबी आहे, कोरोनाचं वर्ष आहे, फी आहे. मुलीला कॉलेजला न पाठवणारा प्रत्येक बाप जुनाट विचारांचा असतो असं म्हटलं तर तोही एक शिक्काच झाला. पण पैशाची अडचण नसलेल्या घरातही जेव्हा मुलगी थांबते, तेव्हा ती ऐकीव गोष्टींमुळे थांबते. भंडारा जिल्ह्यात आपण लोकसंख्येच्या दोन-अडीच टक्के. एवढ्याशा समाजात वर्षाला चार मुली थांबल्या तरी पुढच्या पिढीच्या चार शिक्षिका कमी होतात.

आणखी एक गोष्ट आपल्या संस्थाचालकांसाठी. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे आणि त्यात आपले शिक्षक निवडणंही आलं. म्हणजे उर्दू शाळेच्या मुलाखतीत टेबलापलीकडे बहुतेक वेळा आपलीच माणसं बसलेली असतात. त्यांनी तरी गुणपत्रिकेवरचं नाव वाचून हसू नये. उमेदवाराला खडू द्यावा, सातवीच्या वर्गात वीस मिनिटं उभं करावं. शिकवता येतं की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मुलं तर दोन मिनिटांत ओळखतात.

विद्यापीठाकडेही मागणं आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा असं महाराष्ट्राचा विद्यापीठ कायदाच सांगतो. निकाल वेळेवर लागला, पुनर्मूल्यांकन स्वच्छ झालं, तर विद्यार्थ्यांच्या बाजूने मला असे लेख लिहावे लागणार नाहीत. या पोरांची बदनामी थांबवण्याचं सगळ्यात मोठं साधन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे.

पालकांना एवढंच सांगते की एक दिवस काढा आणि कॉलेज पाहून या. ग्रंथालय उघडं असतं का ते बघा. मुलींसाठी वेगळी खोली आहे का, तक्रार समिती कुणाची आहे, शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे विचारा. तिथे शिकणाऱ्या मोहल्ल्यातल्या किंवा शेजारच्या गावातल्या दोन मुलींशी बोला. मग ‘नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते तुमचं ‘नाही’ असू द्या, ‘सगळ्यांचं’ नको.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. परीक्षेत लपवलेली प्रत्येक चिठ्ठी पुढे कुठल्या तरी अनोळखी मुलीच्या मुलाखतीत बाहेर निघते. तुम्ही सुटता, ती अडकते. आणि ज्यांनी रोवणी सांभाळून, दोन एसटी बदलून, तीन भाषांत अभ्यास करून पदवी घेतली आहे, त्यांनी विद्यापीठाचं नाव सांगताना मान खाली घालू नये.

गुणपत्रिकेवर वरच्या ओळीत विद्यापीठाचं नाव असतं आणि त्याखाली मुलीचं. वाचणाऱ्याने दुसरी ओळही वाचावी, एवढंच म्हणणं आहे.