दोन लाखांचा आवाज, चार हजारांचा प्रश्न

आधीच कबूल करते. मला म्युझिक सिस्टीम हवी होती. साधीसुधी नाही, एकदम हाय-एंड. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर्स, एक टर्नटेबल. सगळं मिळून दोन लाख. फ्रीलान्सर मुलीने असली स्वप्नं बघू नयेत, हे मलाही कळतं. पण तीन वर्षं थोडे थोडे करून पैसे साठले होते आणि डोक्यात किडा वळवळत होता. पुण्यातल्या एका दुकानात डोळे मिटून किशोरीताईंचा भूप ऐकला आणि त्या दोन फुटांवर बसून गातायत असंच वाटलं. संपलंच! (दुकानदाराने 'सरांना कधी घेऊन येताय?' असं विचारलं. आमच्याकडे सर नाहीत हे सांगून मी ईएमआयची चौकशी केली. असो.)

या छंदातला पहिला फंडा म्हणजे दुकानात ऐकून घ्यायचं नाही. दुकानातल्या खोलीच्या भिंतींवर खास पॅनेल्स असतात, जमिनीवर जाड गालिचा असतो आणि आवाजही जरा चढाच ठेवलेला असतो. दोन स्पीकर्सपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तो आपल्याला हमखास 'चांगला' वाटतो. कानाची ही खोड सगळ्या विक्रेत्यांना पाठ असते. म्हणून सिस्टीम घरी आणून ऐकायची. मी डिपॉझिट भरलं आणि चार दिवसांसाठी सगळा संसार घरी आणला.

पहिल्याच रात्री पोपट झाला. भाड्याच्या फ्लॅटमधला माझा हॉल बारा बाय बारा. चौकोनी खोली म्हणजे आवाजाची शत्रू. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोब्बर मावते आणि तेवढाच सूर घुमत राहतो. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे हा घोळ दोन्ही बाजूंनी. बेस गिटार सुरू झाली की जणू कुणी रिकामं पिंप बडवतंय! वर गुळगुळीत टाइल्स, काचेची सरकती दारं आणि खालच्या मजल्यावर दहाला झोपणारे काका. वीकेंडला घरी जायचंच होतं. मैत्रिणीची गाडी मागितली, दुकानदाराला फोन करून परवानगी घेतली आणि सगळी खोकी घेऊन शेळगाव गाठलं.

शेळगाव म्हणजे इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. आजूबाजूला ऊस आणि आषाढी वारीच्या दिवसांत हाकेच्या अंतरावरून जाणारी तुकोबांची पालखी. आमची पिठाची गिरणी आहे. अण्णांनी ती पस्तीस वर्षं चालवली, आता चुलतभाऊ बघतो. गिरणीमागे माळवदाची जुनी खोली आहे. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, एका कोपऱ्यात गव्हाची पोती. स्पीकर्स भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, समोरच्या भिंतीवर आजीची वाकळ टांगली आणि टाळी वाजवून बघितली. कुठे टणटण नाही, घुमणं नाही. पोत्यांनी आणि वाकळेने फुकटात जे केलं, त्यासाठी शहरात लोक भिंतींवर हजारो रुपये चिकटवतात.

तासाभरात बातमी गावभर. पहिला प्रश्न, "ताई, डॉल्बी आणलाय व्हय?" दुसरा, "एवढाच?" तिसरा, "किती वॅट?" आमच्याकडे डॉल्बी म्हणजे वरातीतली स्पीकर्सची भिंत. रे डॉल्बी या माणसाने १९६५मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. त्याचं नाव आपण छातीत धडधड भरवणाऱ्या यंत्राला दिलंय, हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवलं नसावं.

आणि हे नुसते साहेबी चोचले आहेत, असंही समजू नका. कोलकात्यात सोनोडाइनने १९७०मध्येच सुरुवात केली होती. आपल्या पुण्याच्या केडेन्सने तर इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर्स बनवले. त्यात नेहमीच्या पुठ्ठ्याच्या कोनाऐवजी अगदी पातळ पडदा विजेच्या दाबाने थरथरतो. मुंबईत १९९०मध्ये जुन्या ध्वनिमुद्रिका जपणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली. थोडक्यात, या वेडात मी एकटी नाही.

शनिवारी संध्याकाळी अण्णांना बोलावलं. अण्णा भजनी मंडळातले. टाळ वाजवावेत तर त्यांनीच. बेलवाडीचं गोल रिंगण त्यांनी एका वर्षीही चुकवलेलं नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम भीमसेनजींच्या अभंगांची रेकॉर्ड आणली होती. त्यांना मधोमध खुर्चीत बसवलं. दोन स्पीकर्स आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण व्हायला हवा, ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, वगैरे सगळं केलं. सुई टेकली. पंडितजींचा आवाज खोलीत उभा राहिला. पखवाज डावीकडे, टाळ जरासे उजवीकडे. माझ्या अंगावर काटा!

अण्णा शांतपणे ऐकत होते. रेकॉर्डची बाजू संपली.

"आवाज बेस हाय," ते म्हणाले. "पण पोरी, ह्यात टाळ कुठंयत?"

मला वाटलं, गंमत करतायत. वायरी तपासल्या, ट्वीटरला कान लावला. टाळ व्यवस्थित झणझणत होते. परत लावलं. अण्णांनी मान हलवली. "जरा लांब वाजत्यात वाटतं."

मग फोन सिस्टीमला जोडला आणि एका अ‍ॅपवरून नुसते सूर वाजवले. पाचशे हर्ट्झ, हजार, दोन हजार. प्रत्येक वेळी अण्णा बोट वर करायचे. चार हजारला आवाज तोच ठेवला. आई कानावर हात ठेवून म्हणाली, "बंद कर गं ते, डोस्कं उठलं."

अण्णा विचारत होते, "चालू केलंस का?"

त्या क्षणी बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. टीव्ही मोठ्याने लावणं. फोनवर दोन वाक्यं बोलून "घे, आईशी बोल" म्हणणं. "ह्यांचं माझ्या बोलण्याकडं लक्षच नसतं" ही आईची कायमची तक्रार. आणि हात दुखतो म्हणून दोन वर्षांपूर्वी भजनात टाळ वाजवणं सोडणं. हात कधीच दुखत नव्हता.

सोमवारी बारामतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओग्राम काढला. दोन हजारपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ, चार हजारला खड्डा, आठ हजारला थोडी वर. सततच्या गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण, असं डॉक्टर म्हणाले. कानाच्या आतल्या शंखात पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले 'स', 'श', 'ट' असे वर्ण वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. दोष कुणाला देणार? गिरणी आमचीच. तिच्याच आवाजावर माझं मास कॉमचं शिक्षण झालं.

आता तुमच्याकडे वळते. बसमध्ये कानात इअरबड्स घालून हे वाचताय ना? पंच्याऐंशी डेसिबल आवाजात आठ तासांच्या पुढे राहू नये, असा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा सल्ला आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोनच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास असा आहे. ट्रॅफिकवर मात करायला आपण व्हॉल्यूम चढवतो आणि ऑफिसभर तो तसाच राहतो. गिरणी काय, आपल्या सगळ्यांच्याच कानात चालू आहे.

सिस्टीम मी परत केली. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, आवडली नाही?" खूप आवडली, म्हटलं. साठवलेल्या पैशातून दोन्ही कानांची श्रवणयंत्रं घेतली. उरलेल्या पैशात पुन्हा महिन्याला थोडी भर टाकते आहे. अण्णा पहिले आठ दिवस वैतागले होते. प्लॅस्टिकची पिशवी एवढी वाजते, भाजीला फोडणी एवढी चरचरते, हे ते विसरूनच गेले होते. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. आणि गेलेलं सगळं परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परवा रात्री फोन केला तर आईने उचलला. मागून झणझण ऐकू येत होती.

"अण्णा कुठायत?"

"खुंटीवरनं टाळ काढून बसल्यात तासाभरापासनं," आई करवादली. "आता माझं डोस्कं उठायची पाळी."

घरी ट्रायल घेताना

- दोन सिस्टीम्सची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा.
- स्पीकर्स कोपऱ्यात कोंबू नका, बेस घुमतो. भिंतीपासून थोडे थोडे पुढे ओढत ऐका.
- आधी पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट. मग महागडी वायर.
- स्वतःला तोंडपाठ असलेलीच गाणी लावा.
- घरातल्या सगळ्यांना ऐकवा. कुणाला काय ऐकू येत नाही, तेही विचारा.